लाल खुणेचा हिशेब

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड कायमची लागते. कुठेही फरक निघाला, की तो आधी त्या फरकाला नऊने भागून पाहतो. तरुण वाचकांना हे कोडं वाटेल, म्हणून सांगतो. मी १९८३ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. जाडजूड लेजरं होती आणि महिनाअखेरीस त्यांची बाकी जुळवण्याचा एक सोहळाच असे. रात्रीचे नऊ वाजलेले, चहा तिसऱ्यांदा होऊन गेलेला आणि बेरजेत चोपन्न रुपयांचा फरक! अशा वेळी आमचे हेडक्लार्क डोळे मिटून म्हणत, "चोपन्नाला नऊने भाग जातो. कुणीतरी आकडे उलटे मांडलेत. एकाहत्तरचे सतरा झालेत का बघा." आणि पुष्कळदा तेच निघे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, की येणाऱ्या फरकाला नऊने भाग जातोच जातो.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. चुका दोन जातीच्या असतात. एक सैरभैर चूक. ती आज इकडे, उद्या तिकडे. तिला औषध नाही. दुसरी शिस्तीची चूक. ती नेहमी एकाच वाटेने येते, एकाच दिशेला नेते. अशा चुकीला घाबरायचं कारण नसतं. तिची वाट एकदा कळली, की तिथे खूण करून ठेवायची आणि पुढच्या वेळी तेवढं अंतर वळसा घालून जायचं.

निवृत्तीनंतर हाच धडा मला पुन्हा एकदा गिरवावा लागला. तो गिरवून घेतला एका जुन्या कॅमेऱ्याने आणि वाईला राहणाऱ्या माझ्या काकांनी.

काका आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. १९६८ साली त्यांच्या एका बोटीवरच्या मित्राने जपानहून त्यांच्यासाठी कॅमेरा आणला. असाही पेंटॅक्स, स्पॉटमॅटिक. ज्या काळात घराघरांतून आग्फा क्लिक-थ्री हाच काय तो कॅमेरा असे, आणि तोही लग्नामुंजीलाच कपाटातून निघे, त्या काळात काकांच्या गळ्यातलं ते चकचकीत यंत्र पाहायला आळीतली माणसं येत. आम्हां मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. फार तर काका भिंग आमच्या डोळ्यांसमोर धरून त्यावरचे आकडे वाचून दाखवत. हे अंतर, हे अ‍ॅपर्चर, ही मधली रेषा. आणि मग त्या रेषेच्या शेजारच्या बारक्याशा लाल खुणेवर बोट ठेवून म्हणत, "ही मात्र आपल्या कामाची नाही. ही न दिसणाऱ्या उजेडाची खूण."

न दिसणाऱ्या उजेडाची खूण! आठ वर्षांच्या मुलाला याहून मोठी गोष्ट कुठली? मी पुढे बँकेत गेलो, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांनी तो कॅमेरा माझ्या हातात ठेवला. वयोमानाने त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. समोर पाहिलं की मधोमध एक करडा डाग दिसतो, कडेकडेने थोडंफार उमगतं. माणूस ओळखायचा तर मान वाकडी करून, त्याच्या कानाकडे पाहावं लागतं. "मला आता फोकस करता येत नाही," ते म्हणाले, "आणि फोकस न करणाऱ्याने कॅमेरा ठेवणं म्हणजे न वाचणाऱ्याने पोथी ठेवणं." मग जरा थांबून म्हणाले, "तेवढी अवरक्त फिल्म एकदा लावून बघायची राहिली. त्या वेळी कुठे मिळायची? आता तुम्हांला घरबसल्या सगळं येतं म्हणे."

अवरक्त म्हणजे तांबड्याच्या अलीकडचं, पलीकडचं, जे म्हणाल ते, इंग्रजीत इन्फ्रारेड. इंद्रधनुष्य जिथे संपलं असं आपल्याला वाटतं, तिथे ते संपलेलं नसतं. हे प्रथम ध्यानात आलं विल्यम हर्शेलच्या, १८०० साली. हा मूळचा गवई-वादक, पुढे दुर्बिणी घडवू लागला आणि १७८१ साली त्याने युरेनस शोधून काढला. सूर्याकडे पाहण्यासाठी तो निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरून बघत होता. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळ्याला ऊब फार लागे. मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता अंधार होता, तिथेच पारा सर्वांत वर चढला. म्हणजे अवरक्त किरणांच्या शोधाची सुरुवातच मुळी फिल्टरच्या काचेपासून झाली.

मी फिल्म मागवली. कोडॅकची जी नामांकित अवरक्त फिल्म होती, ती २००७ मध्ये बंद झाली. आता इल्फर्डची एसएफएक्स २०० किंवा रोलाय इन्फ्रारेड ४०० अशा फिल्मा मिळतात. मी दुसरी घेतली. सोबत होया कंपनीचा आर-७२ नावाचा फिल्टर. सौ.ने तो हातात घेऊन खिडकीकडे धरला आणि विचारलं, "काच काळी निघाली की काय? परत पाठवा." तिचं चुकलं नव्हतं. हा फिल्टर आपल्याला दिसणारा जवळजवळ सगळा उजेड अडवतो. आपला डोळा चारशेपासून सातशे नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी पाहतो. ही काच सातशेवीसच्या आसपास दार उघडते आणि रोलायची फिल्म आठशेवीसपर्यंत कशीबशी पाहते. त्या मधल्या अरुंद बोळातून जेवढा उजेड येईल, तेवढ्यावर चित्र. एक सूचना मात्र घरातल्या मुलांसाठी आवर्जून करतो. काच काळी दिसते म्हणून तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला न दिसणारे किरण ती बिनबोभाट आत सोडते.

पहिला रोल मी वाईतच, काकांच्या परसात आणि नदीकाठी वापरला. पद्धत माझी. तिपाई आणायचा कंटाळा केला. कॅमेरा हातात धरायचा तर शटर जलद हवं, म्हणून अ‍ॅपर्चर एफ-२.८ पर्यंत मोठं उघडलं. आधी उघड्या डोळ्याने परसातल्या आंब्यावर झकास फोकस केला, मग फिल्टर चढवला. फिल्टर चढल्याबरोबर कॅमेऱ्यातून काहीच दिसेना, तेव्हा अंदाजाने नेम धरून खटका दाबला. छत्तीस फोटो. रोल धुऊन आला, मी तिकडेच प्रिंट काढून घेतले आणि मोठ्या उत्साहाने वाईला गेलो.

फोटो चमत्कारिक होते यात शंका नाही. आंब्याचं झाड दुधात बुडवून काढल्यासारखं पांढरं, आकाश काळं. पण सगळं कसं साय धरल्यासारखं, मऊ. एकही पान धड नाही. काकांना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फोटो हातातसुद्धा घेतला नाही. वैद्याने नाडी न पाहता नुसते प्रश्न विचारावेत, तसे विचारू लागले.

"आंबा अंधुक आलाय म्हणतोस. किती लांब होतास?"

"दहा मीटर. पावलं मोजली होती."

"आंब्यामागची गडग्याची भिंत कशी दिसतीय?"

मी निरखून पाहिलं. भिंत स्वच्छ होती. दगडन् दगड, मधली माती, वर वाळत घातलेलं फडकं, सगळं खणखणीत. आणि ती आंब्याच्या मागे चांगली आठ मीटरवर.

"म्हणजे तू फोकस केलास आंब्यावर आणि बसला भिंतीवर," काका म्हणाले. "दरखेपेला असंच झालंय का?"

मी बाकीचे फोटो पाहिले. दरखेपेला तसंच झालं होतं. ज्यावर फोकस केला ते धूसर, त्याच्या मागचं स्पष्ट. नदीपलीकडच्या डोंगरावर जिथे फोकस केला होता, तिथे तर काहीच स्पष्ट नव्हतं, कारण डोंगराच्या मागे आणखी जायला जागाच नाही.

"अरे, लाल खूण पाहिलीस का?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला आमच्या हेडक्लार्कांची आठवण झाली. चोपन्नाला नऊने भाग गेला होता.

त्याचं असं आहे. काचेतून जाताना प्रकाश वाकतो, पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा जास्त वाकतो, तांबडा कमी. साध्या एकाच भिंगातून पाहिलं तर म्हणूनच कडांना रंगीत झालर दिसते. ती घालवायला भिंगं करणारे दोन जातींच्या काचा जोडीने वापरतात आणि डोळ्याला दिसणारे रंग जवळजवळ एकाच ठिकाणी आणून बसवतात. पण ही सगळी जमवाजमव दिसणाऱ्या रंगांपुरती. तांबड्याच्या पलीकडचा किरण त्याहूनही कमी वाकतो आणि फिल्मच्या जरासा मागे जाऊन एकवटतो. फिल्मवर तो पोचतो तेव्हा त्याचा बिंदू झालेलाच नसतो, लहानशी चकती असते. तो धूसरपणा या चकत्यांचा.

उपाय सोपा आहे. भिंग फिल्मपासून किंचित पुढे घ्यायचं. किंचित म्हणजे किती? जुना ढोबळ नियम असा, की भिंगाच्या नाभीय अंतराच्या पाव टक्का. काकांचं भिंग पंचावन्न मिलिमीटरचं. त्याचा पाव टक्का म्हणजे ०.१४ मिलिमीटरही भरत नाही. पोस्टकार्डाच्या जाडीएवढाही हा फरक नाही! पण भिंगाच्या जगात पोस्टकार्ड म्हणजे सदाशिव पेठ ते शनिवारवाडा. कागद-पेन्सिल घेऊन मी मांडून पाहिलं. क्षितिजावरच्या डोंगराचा अवरक्त फोटो घ्यायचा, तर भिंगावर अंतर ठेवायला हवं जवळजवळ बावीस मीटर. दहा मीटरवरच्या झाडासाठी सात. पाच मीटरवर उभ्या माणसासाठी चार. आणि उलट बाजूने मांडलं, तर दहा मीटरवर लावलेला माझा फोकस प्रत्यक्षात अठरा मीटरवर बसायला हवा. परसात जाऊन टेप लावला. भिंत अठरा मीटर आणि वर वीतभर. बँकेच्या नोकरीत बाकी जुळल्याचा आनंद मी पुष्कळदा भोगला आहे, पण गडग्याच्या भिंतीने बाकी जुळवून दिल्याची ही पहिलीच वेळ.

हा हिशेब मांडण्याची गरज नव्हती, कारण तो पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणा जपानी कारागिराने मांडून भिंगावर लाल रंगाने नोंदवून ठेवला होता. कृती एवढीच. नेहमीसारखा डोळ्याने फोकस करायचा. मधल्या रेषेसमोर जे अंतर आलं असेल, ते कडं फिरवून लाल खुणेसमोर आणायचं. संपलं. जुन्या कुठल्याही चांगल्या भिंगावर ही खूण असते. कुठे लाल ठिपका, कुठे बारीक रेघ, कुठे 'आर' हे अक्षर. झूम भिंगांवर एकाऐवजी तीनचार खुणा असतात, कारण नाभीय अंतर बदललं की फरकही बदलतो. पुढे स्वयंचलित फोकसची भिंगं आली आणि ही खूण हळूहळू पुसली गेली.

मग काकांनी दुसरा प्रश्न विचारला. "एफ किती ठेवला होतास?" मी सांगितलं. ते हसले. "आपल्यात खर्च भागत नसला की माणसाने हातराखून राहावं. तू उधळलास." अ‍ॅपर्चर जितकं लहान, तितकी फोकसच्या चुकीला माफी जास्त. एफ-४ पर्यंत ही ०.१४ मिलिमीटरची चूक उघडी पडते. एफ-११ केलं तर बहुतेक पोटात जाते. तेव्हा शहाण्याने दोन्ही करावं. खूणही पाळावी आणि अ‍ॅपर्चरही लहान ठेवावं. त्यासाठी शटर सावकाश चालवावं लागतं आणि म्हणून तिपाई हवीच.

हे सगळं मी एका मित्राला उत्साहाने सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तुझा कॅमेरा अंगातली उष्णता टिपतो तर!" हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की इथेच दूर केलेला बरा. अंगाची उष्णता ज्या लहरींनी बाहेर पडते, त्या दहा हजार नॅनोमीटरच्या आसपासच्या. आमची फिल्म आठशेवीसला थकते. तिला दिसतो तो सूर्याचाच उजेड, पानांवरून आणि दगडांवरून परतलेला. घरच्या घरी याची चुणूक पाहायची असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. पुष्कळ फोनांत तो दिवा लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्याला काही दिसणार नाही. तोही अवरक्तच.

आणि झाडं पांढरी का? हिरवं पान तांबडा आणि निळा उजेड खातं, हिरवा थोडा परतवतं, म्हणून आपल्याला हिरवं दिसतं. पण अवरक्त उजेडाची त्याला भूक नसते. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आपटून तो उजेड निम्म्याच्या आसपास परत येतो. निरभ्र आकाश निळा उजेड विखुरतं, अवरक्त फारच थोडा, म्हणून ते काळं. पाणी अवरक्त शोषून घेतं, म्हणून तेही काळं. या पांढऱ्या झाडांच्या करामतीला 'वूड परिणाम' म्हणतात. वूड म्हणजे लाकूड, म्हणून हे नाव झाडांवरून पडलं असेल, असं मला वाटलं होतं. पण हा रॉबर्ट वूड नावाचा अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. त्याने अशी निसर्गचित्रं १९१० मध्ये प्रसिद्ध केली.

या वूडची आणखी एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये ब्लाँद्लो नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाने 'एन-किरण' शोधल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत एक मंद उजेड किंचित वाढलेला दिसे, तो या किरणांमुळे, असा दावा. पुष्कळांना तो दिसलाही. १९०४ मध्ये वूड प्रत्यक्ष पाहायला गेला आणि काळोखात त्याने यंत्रातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी त्या मंडळींना किरण दिसतच राहिले! ते खोटारडे नव्हते. त्यांचा आपल्या डोळ्यांवर फार विश्वास होता, एवढंच. ज्या माणसाने न दिसणाऱ्या उजेडाची चित्रं जगाला दाखवली, त्यानेच नसलेला उजेड खोडून काढला, याची मला मोठी गंमत वाटते.

पीककर्जाच्या पाहणीसाठी मी उमेदीच्या काळात मोटारसायकलवरून बांधाबांधाने फिरलो आहे. पीक हिरवं दिसलं की 'समाधानकारक' असा शेरा मारायचा. पण पान आजारी पडलं, तर पुष्कळदा हिरवेपणा ढळण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच त्याची अवरक्त चमक बदलते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? आपल्याकडे १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या नारळीबागांवरून हेलिकॉप्टर नेऊन, अवरक्त फिल्मवर फोटो घेऊन, रोगट माड हुडकण्याचा प्रयोग झाला. भारतातल्या दूरसंवेदनाची ती पहिली पायरी. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह वर गेला, त्याच्या कॅमेऱ्यांनाही अवरक्ताचा एक वेगळा पट्टा दिलेला होता. मी बांधावर उभा राहून शेरे मारत होतो, तेव्हा वरून कुणीतरी अधिक खरं पाहत होतं.

असो. दुसऱ्या रोलच्या वेळी काकांनी सगळी सूत्रं स्वतःकडे घेतली. अवरक्त फिल्म भर उजेडात कॅमेऱ्यात भरू नये. डबीच्या तोंडाशी असलेल्या मखमलीतूनही तिला उजेड लागू शकतो. रात्री खोलीत दिवा मालवून, दाराच्या फटीला चादर लावून आम्ही बसलो. मी चाचपडू लागलो, तसा काकांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "आण इकडे. मला काय, उजेड असला नसला सारखंच." खट्, खट्, दोन आवाज आणि फिल्म भरून झाली. पंचावन्न वर्षांची बोटं होती ती.

"क्लिक-थ्रीमध्ये भरू का एखादा मोठा रोल?" मी विचारलं.

"भर, पण पाठीवरच्या लाल खिडकीला आधी काळी पट्टी लाव. ती लाल काच साध्या फिल्मला सोयरी, हिला वैरीण." बरोबरच होतं. नंबर पाहायची लाल खिडकी म्हणजे या फिल्मसाठी उघडं दारच. उलट, नंतरच्या काळातल्या काही इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांत फिल्म मोजण्यासाठी आतच अवरक्त दिवा असतो आणि तो फिल्मची कड जाळतो. काकांच्या यंत्रात निव्वळ दातेरी चाकं आणि स्प्रिंगा. म्हातारपणाचा असाही एक फायदा.

ऑक्टोबर सरता सरता, पाऊस उघडल्यावर, आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून हाकेच्या अंतरावर कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, पोर्तुगीजांकडून मिळालेली मोठी घंटा तिथे आहे. 'स्वदेस' (२००४) चित्रपटात हा घाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ओळख पटेल. काकांनी ऐन उमेदीत इथे शेकडो चित्रं काढली. नदीकाठच्या एका पिंपळावर त्यांचा विशेष जीव. काकू गेल्यावर ते वर्षभर रोज संध्याकाळी त्या पिंपळाखाली येऊन बसत, असं आळीतले लोक सांगतात. स्वतः काका कधी बोलले नाहीत.

सकाळचे दहा वाजलेले. धुतल्यासारखं आकाश, पानं अजून ओल्या पावसाळ्याची तजेलदार. मी तिपाई उभी केली. काका शेजारी दगडी पायरीवर बसले आणि एकेक पायरी वदवून घेऊ लागले.

"फिल्टर उतरव. पिंपळावर फोकस कर. किती आलं?"

"पंधरा मीटर."

"ते लाल खुणेशी आण. आता मधल्या रेषेसमोर काय आलं?"

"नऊच्या आसपास."

"बरोबर. आता कड्याला हात लावू नकोस. एफ-११. फिल्टर चढव, सांभाळून, कडं हलता कामा नये."

फिल्टरमुळे चारशेची ही फिल्म बारा-पंधराचीच समजायची, हे मी वाचून ठेवलं होतं. उजेड मोजणारा मीटर इथे भरवशाचा नाही, कारण तो मोजतो ते वेगळं आणि फिल्मला लागतं ते वेगळं. म्हणून कडक उन्हात एफ-११ ला शटर १/३० पासून सुरू करायचं, मग १/१५, मग १/८. तीनदा तोच फोटो. त्यातला एक तरी साधतो. प्रत्येकाची नोंद मी जुन्या डायरीत तारीखवार केली; व्हाउचराशिवाय आमच्याने पैसा हलत नाही.

फिल्टर चढवला आणि सवयीने कॅमेऱ्याला डोळा लावला. मिट्ट काळोख. समोर पिंपळ, घाट, नदी, ऊन, सगळं होतं, आणि मला काही दिसत नव्हतं. शेजारी काका मान कलती करून नदीच्या आवाजाकडे पाहत होते. त्या क्षणी आम्हां दोघांत काही फरक नव्हता. दोघेही एका लाल खुणेच्या भरवशावर बसलो होतो.

"दाब," काका म्हणाले. "किती वेळ बघत बसणार आहेस?"

रोल मी वाईलाच, त्यांच्या जुन्या डब्यात, न्हाणीघरात धुतला. याला साधी कृष्णधवल फिल्मची रसायनंच चालतात. निगेटिव्ह दोरीवर वाळत घातली आणि भिंगातून पाहिली. पिंपळाचं पान न् पान, त्याची लांबट शेंडी, घाटाच्या दगडांचे सांधे. १/१५ चा फोटो सर्वांत चांगला. पुण्याला नेऊन मी त्याचा मोठा प्रिंट काढला, दीड हात रुंदीचा.

तो घेऊन गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. ज्याला दिसत नाही त्याला फोटो दाखवायचा म्हणजे त्याची थट्टाच. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे एकदा सांगितलेलं लक्षात होतं, की मधली नजर गेलेल्यांना बारकावे कळत नाहीत. काळ्यापांढऱ्याचा मोठा, ठळक फरक मात्र थोडाफार उमगतो. साध्या फोटोत हिरवं झाड निळ्या आकाशासमोर करड्यावर करडं येतं. या फोटोत आकाश काळं होतं, नदी काळी होती आणि मधोमध पिंपळ दिवाळीतल्या चुन्यासारखा पांढरा.

काकांनी प्रिंट खिडकीपाशी नेला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, जणू कानाने ऐकताहेत. पुष्कळ वेळ गेला. मी घड्याळात पाहिलं नाही.

मग म्हणाले, "नदीकडची फांदी कुठे गेली?"

फांदी नव्हती. चार वर्षांपूर्वीच्या वादळात ती पडली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही घाटावरच्या गुरवाने त्या दिवशी सांगितलं तेव्हा कळलं होतं, आणि मी ते काकांच्या कानावर घालायचं टाळलं होतं.

"पडली, काका. वादळात."

"हं." त्यांनी हात पुढे केला, जिथे ती फांदी असायला हवी होती त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. "तिच्याखाली बसायला बरं होतं." नंतर प्रिंट माझ्याकडे परत देत म्हणाले, "फोकस बरोबर आलाय. अजून किती फोटो राहिलेत रोलमध्ये?"

"नाही उरले. संपला रोल."

"मग मागव दुसरा. पावसाळा संपला की पानं जुनी होतात. पुढल्या खेपेला घंटेच्या देवळाकडून घेऊ. आणि ती तिपाई नीट बघून आण, डावा पाय सैल आहे तिचा. मला आवाज येत होता."